तिसऱ्या बाकावरची शिक्षा

सातवीच्या वर्गात तिला सगळे काडी म्हणत. अंगाने काडीसारखी, हे एक कारण. आणि वर्गात कुठेही काही पेटलं की बोट तिच्याकडे वळायचं, हे दुसरं. "आता ही काडी कुणी टाकली?" असं एखाद्या बाईंनी वैतागून विचारलं की सगळा वर्ग तिच्याकडे बघायचा आणि बाईंनाही हसू आवरायचं नाही. तिला या नावाचं काही वाटत नसे. घरी धाकटा भाऊ तिला नुसतं "ए" म्हणायचा, त्यापेक्षा काडी बरं.

वर्गात दाराच्या बाजूला मुलगे बसत, खिडकीच्या बाजूला मुली. मधे एक बोळ. मुलींच्या रांगेत तिसऱ्या बाकावर काडी एकटीच बसायची, कारण तिची जोडीदारीण वर्षाच्या सुरुवातीलाच शाळा बदलून गेली होती. ती रिकामी जागा गणिताच्या सरांच्या नजरेत भरली. सर उंच, किडकिडीत, चालताना दोन्ही पाय ताठ टाकायचे, म्हणून मुलं त्यांना कर्कटक म्हणत. शिकवायचे मात्र छान. कुणा मुलाने गृहपाठ केला नाही, बडबड केली, उलट उत्तर दिलं, की सर खडूनेच दाखवायचे, "जा, मुलींत बस." मग तो मुलगा तिसऱ्या बाकाच्या टोकाला अर्धा टेकायचा, एक पाय बोळात, चेहरा असा की जणू चिखलात बसवलंय. वर्ग खदखदून हसायचा. तास संपला की तो उडी मारून पळायचा आणि मित्र त्याचा शर्ट झटकायचे.

वर्षभरात असे पाच जण येऊन गेले. पहिल्या दोन वेळा काडीही हसली होती. तिसऱ्या वेळी तिला हसू आलं नाही. का, ते तिला धड सांगता आलं नसतं. नुसतं पोटात काहीतरी आवळल्यासारखं झालं आणि त्या दिवशी तिने डबा तसाच परत नेला. आईने विचारलं तर म्हणाली, "भूक नव्हती."

सहावा आला तो भिंत्या.

भिंत्या म्हणजे शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलकीपर. अंगापिंडाने थोराड, आवाज नुकताच फुटलेला. त्याला ओलांडून चेंडू जात नाही, म्हणून भिंत. भिंतीचा झाला भिंत्या. मुलांच्या रांगेतलं शेवटचं बाक त्याचं. कधी कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्या दिवशी सर प्रगतिपुस्तकं गोळा करत होते. प्रत्येकाने घरून सही आणायची होती. भिंत्याने पुस्तक पुढे केलं, सरांनी उघडलं.

"सही कुठंय?"

"राहिली, सर."

"चार दिवस झाले. दर वेळी आईची असते. आता काय झालं? आई घरी नसते वाटतं?"

भिंत्याने तोंड उघडलं. त्याची हनुवटी थरथरायला लागली. त्याने ओठ दाबून धरले, छताकडे बघितलं, आणि तरी व्हायचं ते झालंच. एवढा मोठा मुलगा सगळ्या वर्गासमोर हुंदके देऊन रडायला लागला. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "भिंतीला ओल आली रे." दुसरा म्हणाला, "गळायलाच लागली." हशा पिकला.

सर गोंधळले असावेत. गोंधळलेला माणूस तोंडाला येईल ते बोलतो, तसं ते बोलले. "घोड्याएवढा झालास आणि मुलीसारखा रडतोस? सही आणायला लाज वाटत नाही... म्हणजे, न आणायला. रडायचंच असेल तर जा, मुलींत बस. तिथे शोभेल."

भिंत्या डोळे पुसत बोळातून पुढे आला आणि तिसऱ्या बाकापाशी उभा राहिला. बाकीचे पाच जण आले होते ते नाक मुरडत. हा नुसता मान खाली घालून उभा होता, जणू शिक्षा त्याला मान्यच होती.

काडी उठली. बसायला जागा द्यायला उठली, असं सगळ्यांना वाटलं.

"सर," ती म्हणाली, "ही शिक्षा त्याला आहे की मला?"

हसणं एकदम थांबलं.

"काय म्हणालीस?"

"माझ्याशेजारी बसणं ही शिक्षा आहे ना? मग मी काय केलंय?"

"तुझा काय संबंध? खाली बस."

"संबंध आहे, सर. बाक माझं आहे." तिचा आवाज वर चढला. तिला तो खाली आणायचा होता, पण तो येईना. "याच्याआधी पाच जण आले. सगळे असे बसले की जणू मला काही रोग झालाय. आणि रडणं मुलीसारखं कसं? मी या वर्गात एकदा तरी रडलेय का? सांगा कुणीही."

 सरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी हातातली प्रगतिपुस्तकं टेबलावर आपटली. "दोघंही बाहेर."

बाहेरच्या व्हरांड्यात पाण्याचे चार नळ होते. त्यातला एक सतत ठिबकायचा. दोघं भिंतीला पाठ लावून उभी राहिली.  आतून सरांचा आवाज येत होता, पण त्यात नेहमीची धार नव्हती.  

"तू कशाला मधे पडलीस?" भिंत्या शेवटी म्हणाला. "आता तुझ्या घरी कळवतील."

"मी तुझ्यासाठी नाही पडले. माझ्यासाठी पडले."

"बरं."

नळ ठिबकत राहिला.

"का रडलास?" तिने विचारलं. "सांगायचं नसेल तर नको सांगूस."

त्याने नाक ओढलं. मग तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. आई तीन आठवडे इस्पितळात आहे. पोटात गाठ आहे, ती काढायची आहे. बाबा गोदामात क्रेन चालवतात. काम सुटलं की थेट इस्पितळात जातात. तो घरी एकटा. त्याला एकदाही नेलं नाही. "बाबा म्हणतात, तू तिथे रडशील, मग तिला त्रास होईल. आता तूच घरातला मोठा, घट्ट राहा म्हणतात. मी राहिलो की घट्ट. तीन आठवडे राहिलो. आज सरांनी विचारलं, आई घरी नसते वाटतं..."

तो परत थांबला.  धीराचे शब्द काडीकडे नव्हते; मोठी माणसं बोलतात ते तिला कधीच खरे वाटले नव्हते. ती म्हणाली, "मग रड ना. इथे कुणी नाही. मी त्या नळाकडे बघते."

ती खरंच नळाकडे बघत राहिली. तो रडला, तोंड धुतलं, परत येऊन उभा राहिला.

"मुलींचं बरं असतं," तो म्हणाला. "रडलं तर चालतं."

"काही बरं नसतं. आम्ही रडलो की म्हणतात, झालं हिचं सुरू. मग कशासाठी रडतेय ते कुणी ऐकतच नाही. म्हणून मी रडतच नाही. माझं पोट दुखतं."

"रोज?"

"बऱ्याचदा."

भिंत्याने यावर थोडा विचार केला. "ते तर जास्त वाईट," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी काडीच्या आईला मुख्याध्यापिकांनी बोलावलं. आई मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात काम करायची. जळालेली पंपाची नाहीतर पंख्याची मोटार उघडायची, जुनी तार उपसायची आणि नवी तांब्याची तार मोजून, वेटोळ्यावर वेटोळं घालून भरायची. दुकान मामाचं होतं, पण हात आईचा होता, हे गिऱ्हाईकांना माहीत झालेलं. नवं गिऱ्हाईक आलं की विचारायचं, "मिस्त्री कुठे गेले?" आई मान वर न करता म्हणायची, "समोरच बसलेत."

आई दुकानातून तशीच आली, बोटांवर वॉर्निशचे डाग घेऊन. काडी खाली मान घालून ऑफिसच्या दारात उभी होती. रात्री तिने आईला सगळं सांगितलं होतं, पण आई त्यावर काहीच बोलली नव्हती. आईचं गप्प राहणं चांगलं की वाईट, हे ठरवण्यात काडीची झोप गेली होती.

मुख्याध्यापिका समजुतीने बोलल्या. मुलगी हुशार आहे, पण जीभ लांब आहे. शिक्षकांना भर वर्गात उलट बोलली. आज एकीने केलं, उद्या सगळे करतील. तिने वर्गासमोर माफी मागावी, विषय संपला. सर बाजूला उभे होते. ते एवढंच म्हणाले, "माझा तिच्यावर राग नाही. पण शिस्त आहे."

"ती काय म्हणाली ते मला तुमच्या तोंडून ऐकायचंय," आई म्हणाली.

सरांनी सांगितलं. सांगताना त्यांनी मधलं एक वाक्य गाळलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

सर खिडकीबाहेर बघायला लागले. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "अहो, ते बोलण्याची एक पद्धत असते. मुलांना गंमत वाटते."

"माझ्या मुलीला वाटली नाही," आई म्हणाली. आवाज चढवला नाही, दुकानात भाव सांगते तसं सांगितलं. "ती मोठ्याने बोलली असेल तर चुकलं. ते मी तिला सांगेन. पण तिने जे विचारलं, त्यात काय चुकलं ते मला कुणीतरी समजावून सांगा. मी कामाची खोटी करून आलेय, ऐकूनच जाईन."

मुख्याध्यापिकांनी टेबलावरचे कागद सरळ केले. शेवटी मुख्याध्यापिका म्हणाल्या, "माफी मात्र मागावी लागेल."

आई काडीकडे वळली. "मागायची का?"

काडीला वाटलं होतं, आई तरी ठरवेल. तिने ओठ चावला. "मोठ्याने बोलले त्याची मागते. विचारलं त्याची नाही."

"ऐकलंत," आई म्हणाली.

माफीचा कागद काडीने त्या संध्याकाळी पाच वेळा लिहिला आणि चार वेळा फाडला. सकाळी उठली ती थेट मोरीत जाऊन ओकली. आईने पाठीवरून हात फिरवला, चूळ भरायला तांब्या दिला.

"भीती वाटतेय?"

"हो."

"मग नाही वाचलं तर?"

"वाचायचंय."

"मग भीतीही असू दे आणि वाचणंही असू दे," आई म्हणाली. "मी पहिल्यांदा गिऱ्हाइकासमोर मोटार उघडली तेव्हा माझे हात असे कापत होते की स्क्रू तीनदा पडला. चौथ्यांदा बसला." मग जरा थांबून तिने विचारलं, "आणि हे पोट कधीपासून दुखतंय गं तुझं?"

काडीने पहिल्यांदाच खरं उत्तर दिलं. त्या दिवशी दोघींनाही निघायला उशीर झाला.

गणिताच्या तासाला सरांनी तिला पुढे बोलावलं.  भिंत्या आपल्या शेवटच्या बाकावर होता. काडीने कागद उघडला आणि सावकाश वाचलं, म्हणजे आवाज परत वर चढू नये म्हणून.

"परवा मी सरांशी मोठ्या आवाजात बोलले. ते चुकलं. त्याबद्दल मी सरांची माफी मागते. मी जे विचारलं ते चुकलं नाही. त्याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही."

सरांनी हात पुढे केला. तिने कागद दिला. त्यांनी तो वाचला. "शेवटच्या दोन ओळी नको होत्या," ते हलक्या आवाजात म्हणाले.

"त्याच लिहायला वेळ लागला, सर."

सर काही बोलणार तेवढ्यात मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. भिंत्याने दप्तर उचललं होतं. तो बोळातून पुढे आला, तिसऱ्या बाकापाशी थांबला आणि बसला. टोकाला नाही, मधोमध, ऐसपैस, दोन्ही पाय आत.

"तुला कुणी सांगितलं तिथे बसायला?" सर म्हणाले.

"कुणी नाही, सर. माझा मी बसलोय."

"ऊठ तिथून."

"का, सर?"

सरांनी हातातला खडू टेबलावर ठेवला आणि परत उचलला. मागून एक शिट्टी वाजली. नेहमीचाच तो, ओल आली म्हणणारा. पण शिट्टीला साथ मिळाली नाही, आणि एकटी शिट्टी फार केविलवाणी वाटते. त्या शांततेत पहिल्या बाकावरची मॉनिटर उठली. ही म्हणजे कधी रेघेबाहेर अक्षरसुद्धा न लिहिणारी मुलगी. तिने वह्या आवरल्या आणि सरळ मुलांच्या रांगेत भिंत्याच्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली.

"तू कुठे चाललीस?" सरांनी विचारलं. आता त्यांचा आवाज अगदीच हताश होता.

"सर, इथे पंखा लागतो," ती म्हणाली. "आमच्या बाजूचा पंखा वर्षभर बंद आहे."

वर्गाला हसायला कारण मिळालं. सरांच्याही ओठाचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. ते फळ्याकडे वळले आणि त्यांनी समीकरण लिहायला घेतलं. काडी आपल्या जागेवर परत आली. तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं, पोट दुखत नाहीये.

हळूहळू आणखी काही जण मिसळून बसायला लागले. पण त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही. दोन पालक शाळेत येऊन गेले. एकाने काडीच्या आईला फाटकापाशी गाठून "मुलीला आवरा" म्हणून सांगितलं. काही मुलांनी काडीशी बोलणं टाकलं. शिट्टीवाला भिंत्याला रोज रुमाल दाखवायचा. मुख्याध्यापिका दोनदा वर्गात डोकावल्या, मिसळून बसलेल्या रांगा बघितल्या, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि निघून गेल्या. सरांनी ती शिक्षा पुन्हा कुणाला दिली नाही. त्याऐवजी ते जादा गणितं द्यायला लागले, आणि त्याबद्दल वर्ग काडीला बरेच दिवस शिव्या घालत होता.

मग भिंत्याच्या आईच्या ऑपरेशनचा दिवस आला. बाबांनी त्याला त्याही दिवशी शाळेत पाठवलं. मधल्या सुट्टीनंतर खेळाचा तास होता, आठवीशी सामना होता. भिंत्या गोलमध्ये उभा राहिला. पाच मिनिटांत तीन गोल झाले. चौथ्या वेळी तर तो हललासुद्धा नाही. चेंडू जाळीत गेला आणि तो तसाच उभा, गालांवरून पाणी वाहतंय, पुसायचंही भान नाही. आठवीचा कप्तान कमरेवर हात ठेवून म्हणाला, "अरे, हा रडतोय. गोल खाल्ले म्हणून रडतोय."

काडी मैदानाच्या कडेला होती. ती उठून दोन पावलं पुढे गेली. पण तिची गरज पडली नाही.

"गोलसाठी नाही रडत," भिंत्या म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "आज माझ्या आईचं पोट कापतायत. मला तिच्याकडे जाऊ देत नाहीत. म्हणून रडतोय. रडत रडत पण खेळता येतं. टाक चेंडू."

कप्तानाने चेंडू उचलला, पण टाकला नाही. हातात धरून उभा राहिला.

गणिताचे सर व्हरांड्यातून येत होते. त्यांनी ते ऐकलं होतं. ते मैदान ओलांडून आले, त्यांचे ताठ पाय मातीत जरा अडखळले. "हे मला कळवायचं नाही का?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही विचारलं नाहीत, सर. तुम्ही सही विचारलीत."

हे तो उद्धटपणे बोलला नाही. म्हणूनच असेल, सर त्याच्याकडे बघू शकले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, भिंत्याकडून बाबांचा नंबर घेतला आणि थोडं लांब जाऊन बोलले. काडीला तुटक ऐकू आलं. "नाही, नाही, मस्ती नाही केली... त्याला आईला भेटायचंय... नाही हो, रडला तर रडू दे. मी घेऊन येतो."

सर त्याला स्कूटरवर बसवून घेऊन गेले. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. शुद्धीवर येताना आईने पहिलं त्याचंच नाव घेतलं, हे भिंत्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं. आणखी एक गोष्ट त्याने फक्त काडीला सांगितली. वॉर्डाबाहेर त्याचे बाबा जिन्याच्या पायरीवर बसून रडत होते. त्याने काय केलं? "शेजारी बसलो," भिंत्या म्हणाला. "दुसरीकडे बघत."

पुढच्या वर्षी त्यांचा वर्ग आठवीत गेला. नव्या खोलीत नवीन बाई आल्या, तरुण, नीटनेटक्या. हजेरीपट उघडून म्हणाल्या, "चला, आधी नीट बसू या. मुलगे या बाजूला, मुली त्या बाजूला."

कुणी हललं नाही. बाईंना वाटलं, ऐकू गेलं नसेल. त्यांनी परत सांगितलं. पहिल्या बाकावरच्या मॉनिटरने पेनाचं टोपण उघडून पुन्हा बंद केलं. शिट्टीवाला खिडकीबाहेर बघत जागच्या जागी बसून राहिला. त्याच्या शेजारी जी मुलगी होती ती इंग्रजीत पहिली यायची आणि त्याला ती जागा सोडायची नव्हती. भिंत्याने कोपराने काडीला ढोसलं. काडीने त्याला उलट ढोसलं, म्हणजे या वेळी तू ऊठ.

भिंत्या उठला. आवाज आता पुरता जाड झाला होता त्याचा.

"बाई," तो म्हणाला, "आम्ही असेच बसतो."